आत्याच्या वाटणीचं ऊन

आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या बाईंना सगळे कलमताई म्हणतात. वीज खात्यात त्या नियम लिहितात. नियम पाळणारी माणसं आपल्या ओळखीत दोन-चार असतात, मोडणारी घरोघरी असतात, पण नियम लिहिणारं माणूस सहसा जिन्यात भेटत नाही. त्यामुळे ताईंनी हातात पिशवी घेऊन जिना चढताना नुसतं "काय, बरं आहे ना?" विचारलं, तरी ऐकणाऱ्याला आपण कशात तरी सापडलो असं वाटतं.

त्यांच्या बोलण्यात 'परंतु' फार. मसुद्यात आधी कलम येतं, मग त्या कलमाच्या शेपटाला 'परंतु' लावून अपवाद येतो. ही सवय ताईंच्या अशी अंगवळणी पडली आहे की घरातसुद्धा सुटत नाही. "मी आज लवकर येईन, परंतु बैठक लांबली नाही तरच. तुम्ही दूध आणून ठेवा, परंतु कालच्यासारखं उघडं नको." हे यजमानांना. यजमान दातांचे डॉक्टर. दिवसभर दुसऱ्यांना तोंड उघडायला सांगतात, म्हणून घरी स्वतःचं उघडत नाहीत. लग्न ठरताना ताई म्हणाल्या होत्या, "माझी हरकत नाही, परंतु मी नोकरी सोडणार नाही." डॉक्टरांनी मान हलवली होती. ती अजून हलते आहे.

चौथ्या, म्हणजे सगळ्यात वरच्या मजल्यावर ताईंची आत्या राहते. ताईंच्या आईवडिलांच्या नोकऱ्या फिरतीच्या, त्यामुळे शाळेपासून ताई आत्याकडेच वाढल्या. आत्या टेलिफोन खात्यात ऑपरेटर होती. नको असलेलं बोलणं मधेच तोडायची तिची कला तेव्हाची. आता फोन जोडायचे राहिले नाहीत, पण तोडणं चालू आहे. सगळी इमारत तिला आत्याच म्हणते आणि शक्यतो पहिल्या वाक्यातच कामाचं बोलून घेते, कारण दुसरं वाक्य मिळेल याची खात्री नसते. ताईंना ती ठमी म्हणते. मोठ्या हुद्द्याच्या, केसांत पांढरी बट असलेल्या बाईला जिन्यात चार माणसांसमोर "ठमे, चष्मा कुठे विसरलीस?" असं कुणी विचारलं की ऐकणाऱ्यांना उगाचच बरं वाटतं.

ताई इंजिनियर होऊन वीज खात्यात लागल्या तेव्हा तिथे बायका दोनच ठिकाणी दिसायच्या: टायपिंगच्या खोलीत आणि तक्रारीच्या खिडकीत. इंजिनियर बाई बसवायची कुठे, हा प्रश्न खात्यापुढे पहिल्यांदाच आला होता. वीजकेंद्रावर पाठवावी तर तिथे बायकांसाठी स्वच्छतागृह नव्हतं, आणि स्वच्छतागृह बांधावं तर तिथे बाई नव्हती. या पेचातून मार्ग म्हणून त्यांना 'स्वच्छ ऊर्जा कक्षा'त टाकण्यात आलं.

कक्ष म्हणजे तळमजल्यावरची एक खोली. तिच्यात जुने मीटर, पाय मोडलेल्या खुर्च्या आणि एक टेबल होतं. खिडकीच्या तोंडाशी जनरेटरचं खोकं उभं होतं, त्यामुळे सौरऊर्जेचं काम करणाऱ्या त्या खोलीत सूर्य असा कधी आला नाही. भर दुपारी दिवा लावून उन्हाचा विचार करावा लागे. खात्यात कुणाला अद्दल घडवायची असली की त्याची बदली तिकडे करत. पुरुष असला तर चार महिन्यांत ओळखपाळख लावून सुटायचा. बायकांची ओळखपाळख नसायची, त्या राहायच्या. असं करता करता त्या खोलीत चार बायका साठल्या. दुसरं काही काम कुणी देईना, म्हणून त्यांनी जे काम होतं तेच केलं, म्हणजे वाचलं, मोजलं, मसुदे लिहिले आणि वर पाठवले. वरून ते परत आले की पुन्हा लिहिले.

पुढे अचानक सगळ्यांना उन्हाचं महत्त्व कळलं. पाहुणे यायला लागले, फोटो निघायला लागले. कक्षाला रंग मिळाला, मग वरचा मजला मिळाला, मग खरीखुरी खिडकी मिळाली. आणि ज्या कक्षाकडे कुणी ढुंकून पाहत नव्हतं, तिथे यायला बरेच अनुभवी गृहस्थ एकदम तयार झाले. खात्याचं तत्त्व साधं असतं. जो विभाग कुणालाच नको तो बाईला द्यावा, आणि विभागाला बरे दिवस आले की बाई आता दमली असेल, असं समजावं.

या सगळ्या काळात कक्षाची काम करायची एक पद्धत पडली होती. कुठलाही मसुदा तयार झाला की ताई तो मोठ्याने वाचायच्या आणि शेवटी विचारायच्या, "आता सांगा, याला आत्या काय म्हणेल?" म्हणजे जगातलं सगळ्यात अडून बसणारं, सगळ्यात कमी ऐकून घेणारं आणि तरीही ज्याला टाळून चालणार नाही असं माणूस या कलमाला काय म्हणेल. जे कलम आत्यासमोर टिकेल ते कोर्टातही टिकतं, असा ताईंचा अनुभव होता. कक्षात नव्याने लागलेल्या तरुण मुलीला, जिला सगळे अजून 'नवी'च म्हणत, पहिले काही दिवस आत्या ही एखादी तज्ज्ञ समिती वाटत होती. "आत्याची बैठक कधी असते?" असं तिने विचारलं होतं. "चालूच असते," ताई म्हणाल्या.

मौज अशी की इतक्या वर्षांत खऱ्या आत्याला कुणी काही विचारलं नव्हतं. ताईंनीही नाही. आत्या काय म्हणेल हे आपल्याला पाठ आहे, अशी त्यांची समजूत होती.

ताईंनी लिहिलेलं पहिलं कलम गच्चीचं होतं. इमारतीच्या गच्चीवर सौर पॅनेल बसवायची असतील तर सर्व सदनिकाधारकांची लेखी संमती पाहिजे. सगळ्यांनी तेव्हा समजावलं, "बाई, 'सर्व' नको, 'बहुसंख्य' म्हणा." ताई ऐकेनात. बहुसंख्य म्हणजे काय असतं ते त्यांनी लहानपणी पाहिलं होतं. इमारतीला पाण्याची नवी मोठी टाकी घ्यायची ठरली, ती कुठे ठेवायची यावर सभा झाली, हात वर झाले आणि टाकी आत्याच्या घराच्या बरोबर डोक्यावर आली. विरोधात एकच हात होता. मग टाकी पाझरायला लागली. आत्याच्या छतावर ओलीचा नकाशा उमटला आणि तो वर्षागणिक वाढत गेला. ताईंनी दहावीचा भूगोल त्या नकाशाखाली, बादलीत पडणाऱ्या थेंबांच्या तालावर केला. तक्रार केली की सभेत उत्तर मिळायचं, "बहुमताने ठरलंय, आत्याबाई." तेव्हापासून आत्याने टाकीशी अबोला धरला. गच्चीवर ती रोज जायची, पण दूरच्या कोपऱ्यातल्या दोरीवर कपडे वाळत घालायची आणि टाकीकडे पाठ करून परत यायची. म्हणून ताईंनी लिहिलं, 'सर्व'.

आता 'सर्व' हा शब्द दिसायला सोज्वळ आहे, पण इमारतीत राहणाऱ्या कुणालाही विचारा. सर्वांची संमती आमच्या इमारतीत एकदाच झाली होती. लिफ्ट बंद पडली आहे, यावर. ती चालू कशी करायची यावर झाली नाही. त्यामुळे कलम झकास आणि पॅनेल शून्य, असा प्रकार झाला. गावभर गच्च्या नुसत्या ऊन खात पडून राहिल्या. प्रत्येक इमारतीत एक तरी हात आडवा यायचाच.

शेवटी कक्षाच्या संचालक साहेबांनी ताईंना बोलावलं. साहेब सज्जन होते आणि महिनाअखेर निवृत्त होणार होते. हे दोन्ही गुण एका वेळी जमून आले की माणूस स्पष्ट बोलतो.

"बाई, तुमचं ते 'सर्व' काढा," ते म्हणाले. "मी असेपर्यंत नवा नियम निघाला तर या खुर्चीसाठी तुमची शिफारस करून जातो. ती कुणी अडवणार नाही. नाही निघाला तर वर म्हणतील, कक्षाला कडक माणूस पाहिजे. कोळशाकडचे साहेब बॅग भरून बसलेत."

"काढते," ताई म्हणाल्या. "परंतु जो नाही म्हणेल त्याचं काहीतरी बघावं लागेल."

"बघा की. महिनाअखेरपर्यंत बघा."

कोळशाकडच्या साहेबांनी आयुष्यभर औष्णिक वीजकेंद्रं चालवली होती. माणूस वाईट नव्हता, पण उन्हाचा आणि त्यांचा संबंध टोपीपुरता. आणि कक्षातल्या चार बायकांनी ज्या खुर्चीसाठी अंधाऱ्या खोलीतून सुरुवात केली होती ती खुर्ची आता एका कलमाच्या अंतरावर होती. ताई हे बोलून दाखवायच्या नाहीत. त्यांनी नवा चष्मा मात्र करून घेतला.

आठवडाभरात मसुदा तयार झाला. दोन तृतीयांश सदनिकाधारकांची संमती पुरे. परंतु जो संमती देणार नाही, त्याच्या सदनिकेच्या प्रमाणात गच्चीचं क्षेत्रफळ मोकळं ठेवायचं, शक्यतो त्याच्या घराच्या वर किंवा जवळ. तिथे पॅनेल नाही, खांब नाही, काही नाही. त्याची वाटणी त्याला.

"आत्या काय म्हणेल?" ताईंनी विचारलं.

"म्हणेल, माझ्या वाटणीला हात लावू नका," नवी म्हणाली. "आणि आपण म्हणू, लावलाच नाही."

सगळ्यांनी मान डोलावली. कक्षापुरतं कलम पास झालं.

नवा नियम येणार ही बातमी आमच्या इमारतीत पोचायला वेळ लागला नाही. सेक्रेटरी विम्याचे एजंट. उत्साह हा त्यांचा धंदा आहे आणि मरणाची गोष्टसुद्धा ते हसतमुखाने काढतात. ताई आपल्याच इमारतीतल्या, तेव्हा पहिली पॅनेल आपल्याच गच्चीवर, असं त्यांनी जाहीर करून टाकलं आणि संमतीच्या सह्या गोळा करत ते चौथ्या मजल्यावर पोचले. तिथून ते लवकर परतले.

रविवारी सकाळी ताई वर गेल्या. आत्या कपड्यांच्या घड्या करत होती.

"आत्या, तू सही दिली नाहीस म्हणे."

"नाही दिली."

"का पण?"

"माझी दोरी आहे तिथे."

"दोरी दुसरीकडे बांधता येईल."

"मी कुठे बांधायची ते मी ठरवीन की तो विमेवाला? आधी टाकी ठेवली डोक्यावर. आता काचा ठेवणार. उद्या म्हणतील, आत्याबाई, तुम्ही जरा खाली वाकून चाला."

"काचा नाहीत त्या, पॅनेल आहेत."

"चकाकतात ना? मग काचाच. आणि ऐक, त्या सगळं ऊन ओढून घेतात. खाली घरं गार पडतात. माझे गुडघे आत्ताच धरतात."

"असं काही नसतं गं. ऊन काय नळाचं पाणी आहे, वरच्याने ओढलं की खालच्याला नाही यायला?"

"तू सांगू नकोस. तुला लहानपणी अंधारात बसून अभ्यास करायची सवय, तुला काय उन्हाचं."

"आत्या, नियम मीच लिहिलाय. तू नाही म्हणालीस तरी तुझी वाटणी मोकळी राहणार. कुणी शिवणार नाही."

आत्याने चादरीचं एक टोक ताईंच्या हातात दिलं आणि दुसरं स्वतः ओढलं.

"हरकत कुठे घ्यायची असते?" तिने विचारलं.

"कसली?"

"तुझ्या नियमावर. पेपरात आलंय, जाहीर सुनावणी आहे, कुणीही यावं. मी कुणीही आहे."

ताईंनी चादरीची घडी केली. नियमाप्रमाणे त्यांना वेळ आणि जागा सांगणं भाग होतं. त्यांनी सांगितली.

सुनावणी खात्याच्या मोठ्या हॉलमध्ये होती. समोर मंचावर साहेब, शेजारी ताई, बाजूला नवी. खाली खुर्च्यांवर हरकतदार: दोन वकील, पॅनेल विकणारे, ज्यांची पॅनेल विकली गेली नाहीत ते, आणि कुठलीही सुनावणी न चुकवणारे एक निवृत्त गृहस्थ, जे पंख्याखालची जागा धरायला लवकर येतात. पाच-सहा हरकती झाल्या आणि कारकुनाने पुढचं नाव पुकारलं. आत्या उठली. तिने नेहमीच्या साडीवर ठेवणीतली शाल घेतली होती.

ताई उभ्या राहिल्या. "साहेब, हरकतदार माझी आत्या आहे. नातं असल्यामुळे या हरकतीला मी उत्तर देणार नाही. या हरकतीपुरती मी मसुद्यापासूनही बाजूला होते." आणि त्या मंचावरून उतरून पहिल्या रांगेत जाऊन बसल्या.

कक्षातल्या बायकांमध्ये एक खळबळ झाली. जिच्या नावाने त्यांनी इतकी वर्षं मसुदे तासले, ती समोर उभी होती. त्यांच्या कल्पनेत आत्या धिप्पाड होती. ही तर माइकपर्यंत पोचत नव्हती.

"तू उत्तर देणार का?" आत्याने नवीला विचारलं.

"हो, मॅडम."

"मॅडम नको, आत्या म्हण. ठमी तुझ्यावर ओरडते का गं?"

हॉलमध्ये हसू पसरलं. ताई समोरच्या भिंतीकडे बघत होत्या. निवृत्त गृहस्थांनी शेजाऱ्याला विचारलं, ठमी कोण. शेजाऱ्याने डोळ्यांनी दाखवलं.

"नाही, आत्या," नवी म्हणाली. "कमी ओरडतात."

"मग सांग. माझी वाटणी मोकळी राहणार म्हणता. कोण देणार ती? विमेवाला? तो म्हणेल, ही घ्या कठड्याची वीतभर जागा."

"नाही. क्षेत्रफळ मोजून देणार. टेपने."

"कागदावर कुणीही मोजतं. मला दाखवा."

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं, मग कॅलेंडरकडे पाहिलं आणि ते म्हणाले, "जाऊन दाखवू. एकदा प्रत्यक्ष दाखवलं की प्रश्न मिटला. सुनावणी परवापर्यंत खुली ठेवतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिस सुरू व्हायच्या आधी सगळी वरात आमच्या गच्चीवर आली. साहेब, नवी, टेप धरायला एक कारकून, सेक्रेटरी, आणि बघ्यांमध्ये आम्ही सगळे. ताईही आल्या, पण जिन्याच्या दारापाशी उभ्या राहिल्या, रहिवासी म्हणून. नवीने नकाशा उघडला, गच्ची मोजली, आत्याचा हिस्सा काढला आणि खडूने जमिनीवर ठसठशीत चौकोन आखला. मसुद्यात लिहिल्याप्रमाणे तो आत्याच्या घराच्या बरोबर वर आला, म्हणजे पाण्याच्या टाकीजवळ, टाकी आणि जिन्याची खोली यांच्या मधल्या पट्टीत. सकाळचं कोवळं ऊन टाकीच्या खांबांमधून तिरपं येऊन चौकोनात छान पसरलं होतं.

आत्या चौकोनात जाऊन उभी राहिली. इकडून तिकडे चालून पाहिलं. चौकोन तिच्या अंदाजापेक्षा चांगला ऐसपैस होता. आणि खुद्द संचालक खाली वाकून खडूची रेघ बघत होते. इतक्या वर्षांत या गच्चीवर तिला कुणी काही मोजून दिलं नव्हतं.

"रेघ जरा जाड काढ," ती नवीला म्हणाली. आणि मग, "बरं आहे."

सेक्रेटरींनी टाळी वाजवली. साहेबांच्या चेहऱ्यावर निवृत्तीचं तेज आलं. "आत्याबाई, मग हरकत मागे?"

"उद्या येऊन सांगते. आज शाल धुवायला टाकलीय."

साहेब ताईंजवळून जाताना हळूच म्हणाले, "झालं बाई. अभिनंदन आधीच करत नाही, पण करतोच."

सगळे खाली गेले तरी ताई गच्चीवर थांबल्या. या गच्चीवर त्यांनी शाळेची सगळी वर्षं अभ्यास केला होता, पुस्तक घेऊन उन्हामागे सरकत. आत्याने टाकीकडे कधी वळून पाहिलं नाही, त्यामुळे तिला टाकीजवळचं ऊन ठाऊक नव्हतं. नवी गच्चीवर आयुष्यात पहिल्यांदा आली होती. साहेब एकदाच येणार होते. पण ताईंना ठाऊक होतं, त्या पट्टीत ऊन फक्त सकाळी येतं. सूर्य वर चढला की टाकीची सावली पडते, ती कलली की जिन्याच्या खोलीची पडते आणि मग संध्याकाळच होते.

ताई जिन्याच्या पायरीवर बसल्या. ऊन वर चढलं. खडूचा चौकोन आधी अर्धा आणि मग सगळा सावलीत गेला. कलमात क्षेत्रफळ होतं. ऊन नव्हतं. उन्हाचा नियम लिहिताना कक्षातल्या चारही बायकांनी फूट मोजले होते आणि ऊन मोजायचं राहिलं होतं.

आत्यापुरतं बघायचं तर काम सोपं होतं. सेक्रेटरींना बाजूला घेऊन सांगायचं, चौकोन जरा पलीकडे आखा. ते आनंदाने करतील. पण कलम तसंच निघेल आणि मग गावभर प्रत्येक गच्चीवर जो नाही म्हणेल त्याला टाकीमागची जागा मिळेल, मोजून, टेपने, कायद्याप्रमाणे. वाटणी करणारे नेहमी दोन तृतीयांश असतात. आणि ताईंना बोलायचीही सोय नव्हती. कालच भर सभेत त्या मसुद्यापासून बाजूला झाल्या होत्या.

दुपारी डॉक्टर जेवायला घरी आले. ताईंनी त्यांना सगळं सांगितलं. डॉक्टरांनी घास संपवला.

"तू या इमारतीत राहतेस ना?" ते म्हणाले.

एवढंच. पण डॉक्टरांच्या मानाने ते भाषण होतं.

सुनावणीचा शेवटचा दिवस उजाडला. आत्या शाल घेऊन आली, उभी राहिली आणि "माझी हरकत नाही," असं सांगून बसली. कक्षातल्या बायकांनी एकमेकींचे हात दाबले. साहेब कागद गोळा करायला लागले. तेवढ्यात कारकुनाने घसा साफ केला. "साहेब, अजून एक आहे." आणि नाव पुकारलं. पुकारताना त्याचा आवाज थोडा चिरकला, कारण ते नाव तो रोज दारावरच्या पाटीवर पाहत होता.

ताई हरकतदारांच्या रांगेतून उठल्या.

"तुम्ही इकडे कुठे?" साहेब म्हणाले.

"मी रहिवासी आहे, साहेब. दुसरा मजला. माझी या कलमावर हरकत आहे."

"बाई, हे कलम तुम्हीच लिहिलंय."

"हो. म्हणून त्यात काय राहिलंय ते मला माहीत आहे." आणि त्यांनी टाकीची, सावलीची आणि फुटांची गोष्ट सांगितली, सरळ, कागद न बघता. "वाटणी क्षेत्रफळाची नको, उन्हाची हवी. कुठल्या जागेवर दिवसाचं किती ऊन येतं ते आधी मोजा आणि मग हिस्सा काढा."

पंख्याखालचे गृहस्थ जागे झाले होते.

साहेबांनी माइक बाजूला केला. तरी पहिल्या रांगेला ऐकू गेलं. "हरकत नोंदवली तर मसुदा परत फिरणार. ऊन मोजायचं म्हणजे काही महिने. मी या आठवड्यात चाललो. तुम्हाला समजतंय ना?"

"समजतंय."

"आत्ता आहे तसा नियम काढू, परंतु पुढे दुरुस्ती करू, असं नाही चालणार?"

"नाही, साहेब. हरकत आहे."

"परंतु?"

"परंतु नाही."

कक्षातल्या बायकांनी ताईंच्या तोंडून 'परंतु' नसलेलं वाक्य पहिल्यांदा ऐकलं. नवीने ती हरकत लिहून घेतली, कारण लिहून घेणं तिचं काम होतं.

मागच्या खुर्चीवरून आत्याचा आवाज आला. "म्हणजे मला सावलीतली जागा दिली होती?"

"हो, आत्या."

"आणि मी जाड रेघ काढून घेतली," आत्या म्हणाली आणि गप्प बसली. ती आपण होऊन गप्प बसल्याची दुसरी नोंद इमारतीत तरी नाही.

साहेब निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणात त्यांनी ताईंचं कौतुक केलं, पण शिफारशीचा कागद गेला नाही, कारण दाखवायला नियम नव्हता. कोळशाकडचे साहेब बॅग घेऊन आले. पहिल्या दिवशी त्यांनी खिडकीचा पडदा ओढून घेतला, डोळ्यांवर ऊन येतं म्हणून. ताई आपल्या टेबलावर राहिल्या. आमच्या इमारतीत दोन मतं पडली. एक मत असं की बाईने हातची खुर्ची घालवली. दुसरं मत असं की असं करणारी माणसं असतात म्हणूनच कामं रखडतात. डॉक्टरांना विचारलं तर त्यांनी तोंड उघडायला सांगितलं.

ऊन मोजायला नवी गावभर फिरली. निरनिराळ्या गच्च्यांवर यंत्रं लावून तिने दिवसभराचं ऊन टिपलं आणि ताईंनी शिकवलं तसं कलम लिहिलं. हिस्सा उन्हाचा, फुटांचा नव्हे. मसुदा कोळशाकडच्या साहेबांच्या टेबलावर गेला. त्यांनी तो वाचला, पुन्हा वाचला, आणि कक्षातल्या नवख्या माणसाने इतरांसारखं वागावं म्हणून गंभीरपणे विचारलं, "याला आत्या काय म्हणतील?"

"ऐकून घेतील," नवी म्हणाली. नियम निघाला. खाली सही साहेबांची, मसुदा तयार करणारी म्हणून नाव नवीचं.

आमच्या गच्चीचं ऊन मोजलं तेव्हा एक निराळीच भानगड निघाली. पॅनेलच्या रांगेत एकावर सावली पडली तरी सगळ्या रांगेचा जोर उतरतो आणि टाकीची सावली नेमकी एका रांगेवर फिरत होती. आत्याचं छत इतकी वर्षं गळत होतं तेव्हा टाकी हलवणं कुणालाही शक्य नव्हतं. आता ते आठवड्यात शक्य झालं. सेक्रेटरी सह्या घेत चौथ्या मजल्यावर पोचले.

"टाकी हलवायची म्हणता?" आत्या म्हणाली.

"हो, आत्याबाई. सगळ्यांचं एकमत आहे. तुमची सही झाली की झालं."

"विचार करून सांगते," आत्या म्हणाली आणि दार लावून घेतलं. तिने पंधरा दिवस विचार केला. सेक्रेटरी रोज चार मजले चढले. मग तिने सही दिली.

आता पॅनेल लागली आहेत. आत्याचा चौकोन दूरच्या कोपऱ्यात आहे, तिच्या जुन्या दोरीपाशी, आणि तिथे दिवसभर ऊन असतं. मधे एका सुट्टीच्या दिवशी मी वर गेलो तेव्हा आत्या चादरी वाळत घालत होती आणि ताई तिच्या चौकोनात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून कुठलासा मसुदा वाचत होत्या.

"ठमे, तुझे ते कोळसेवाले कधी जाणार?" आत्याने चिमटा लावता लावता विचारलं.

"दोन वर्षं आहेत अजून."

"मग तुझा नंबर?"

"माझा. परंतु तोवर नवी तयार होईल. ती माझ्यापेक्षा बरं लिहिते."

"तिच्यावर ओरडत जा मग," आत्या म्हणाली.

चादरीची सावली ताईंच्या कागदावर आली. त्यांनी वर न बघता खुर्ची उचलली आणि थोडी उन्हाकडे सरकवली.